नामवंतांच्या वापरातील संग्राह्य वस्तू : पडताळणी आणि दुरुस्ती

नामवंत व्यक्तीच्या मालकीच्या किंवा नित्य वापरातल्या म्हणून जपल्या आणि विकल्या जाणाऱ्या घड्याळे, वाद्ये, कपडे, पत्रे, वाहने अशा वस्तूंचा अस्सलपणा ठरवणे आणि त्यांची दुरुस्ती करणे ही एकमेकांत गुंतलेली दोन कामे आहेत. अशा वस्तूचे मोल ती कोणाच्या हाताखालून गेली यावर ठरते. तो हात ओळखायचा तो ओरखडे, घामाचे डाग, झिजलेली कड, तुटलेले बटण यांवरून, आणि दुरुस्तीत सर्वांत आधी नाहीसे होते ते हेच. म्हणून पडताळणी पुरी होईपर्यंत वस्तूला काहीही करू नये, साधे पुसूसुद्धा नये.

अस्सलपणाचे प्रश्न दोन असतात. वस्तू त्या काळातली, त्या बनावटीची आहे का, हा पहिला. ती त्या व्यक्तीकडे होती का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर प्रयोगशाळा देऊ शकते, दुसऱ्याचे क्वचितच. फसवणुकीचा सर्वांत सोपा प्रकार याच फटीतून आत शिरतो : वस्तू जुनी आणि खरी, पण तिला चिकटवलेली कहाणी खोटी.

मालकीसाखळी : वस्तू मूळ मालकाकडून आजच्या धारकापर्यंत कशी आली याची सलग नोंद म्हणजे मालकीसाखळी. प्रत्येक हस्तांतराला कागद हवा : खरेदीची पावती, विम्याची यादी, मृत्युपत्राची पुरवणी, दुरुस्तीचे बिल, लिलावाच्या कॅटलॉगमधला क्रमांक. विक्रीचा विचारही नसताना, भलत्याच कामासाठी तयार झालेला कागद सर्वांत भरवशाचा. घड्याळजीच्या जुन्या वहीतली अनुक्रमांकासह एक ओळ विक्रेत्याच्या सोनेरी शिक्क्याच्या प्रमाणपत्रापेक्षा वजनदार असते. ज्या प्रमाणपत्रावर वस्तूचा अनुक्रमांक किंवा छायाचित्र नाही, ते उद्या दुसऱ्याच वस्तूबरोबर फिरू शकते. नातेवाइकांचे पत्र घ्यायचे असेल तर त्यांनी स्वतः काय पाहिले आणि काय नुसते ऐकले, हे त्यात वेगवेगळे लिहून घ्यावे.

साखळी आणि वस्तू एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा काय होते, हे अभिनेते पॉल न्यूमन यांच्या रोलेक्स डेटोना घड्याळात दिसले. ते पत्नीने दिलेले होते आणि मागच्या झाकणावर ‘गाडी जपून चालव, मी’ या अर्थाचे इंग्रजी शब्द कोरलेले होते. न्यूमन यांनी ते मुलीच्या तेव्हाच्या मित्राला दिले आणि पुढे त्यानेच ते विक्रीला काढले. मधे एकही अनोळखी हात नव्हता. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात त्याला १.७७ कोटी डॉलरहून अधिक किंमत आली.

छायाचित्र-जुळणी : जुन्या छायाचित्रातली वस्तू आणि हातातली वस्तू एकच आहे हे दाखवण्याची ही पद्धत. कारखान्यात प्रत्येक नगावर सारख्याच येणाऱ्या गोष्टी इथे निरुपयोगी ठरतात. शोधायच्या त्या योगायोगाने घडलेल्या गोष्टी : लाकडाच्या रेषा, शिवणीवर नक्षी नेमकी कुठे तुटते ती जागा, रंगाचा उडालेला टवका. बीटल्सचे गायक जॉन लेनन यांची १९६३ मध्ये हरवलेली गिब्सन गिटार २०१४ मध्ये अशाच तुलनेतून ओळखली गेली. पुढच्या वर्षी ती २४ लाख डॉलरना विकली गेली.

जुळवताना काळाचा क्रम पाळावा लागतो. जुन्या छायाचित्रातला ओरखडा आज असायलाच हवा. आजचा ओरखडा जुन्या छायाचित्रात नसला तरी चालतो. जुनी खूण आज दिसत नसेल तर वस्तू वेगळी असते, नाहीतर मधे कोणीतरी ती घासून काढलेली असते. निगेटिव्ह उलटी छापलेली असेल तर डावे-उजवे बदलते, म्हणून आधी छायाचित्रातली अक्षरे किंवा शर्टाची बटणपट्टी पाहून बाजू पक्की करावी. इंटरनेटवरच्या लहान, दाबून बारीक केलेल्या प्रतीवरून जुळणी करू नये. त्यात दिसणारे ठिपके पुष्कळदा त्या दाबण्यातूनच आलेले असतात.

हस्ताक्षर : खऱ्या माणसाच्या दोन सह्या कधीच तंतोतंत जुळत नाहीत. दोन सह्या एकमेकींवर ठेवून बरोबर बसल्या तर त्या ऑटोपेन या सही उमटवणाऱ्या यंत्राच्या किंवा शिक्क्याच्या समजाव्यात. नक्कल करणारा हात सावकाश चालतो. त्यामुळे १० ते ३० पट भिंगाखाली रेषेत थरथर, मधेच उचललेले पेन आणि बोथट टोके दिसतात. घडी पडलेल्या कागदावर सही घडीला ओलांडत असेल तर तिथे भिंग धरावे. शाई घडीतल्या तुटलेल्या तंतूंत पसरली असेल तर सही घडीनंतरची आहे. जुने पत्र आणि नवी सही अशी जोडी तिथे उघडी पडते.

तुलनेचे नमुने कुठून आले, हा याहून कठीण प्रश्न. १९८३ मध्ये गाजलेल्या हिटलरच्या कथित रोजनिश्या काही हस्ताक्षरतज्ज्ञांनी खऱ्या ठरवल्या होत्या, कारण तुलनेला दिलेल्या कागदांत त्याच बनावटकाराने लिहिलेले कागद मिसळले होते. खोटेपणा उघड झाला तो कागदाला शुभ्रता आणणाऱ्या रसायनामुळे. ते १९५० च्या दशकाआधी वापरात नव्हते. खेळाडूंच्या स्वाक्षऱ्यांत तर हा धंदा टोळ्यांनी चालवला. अमेरिकेच्या एफबीआयने १९९० च्या दशकात ‘ऑपरेशन बुलपेन’ ही मोहीम राबवली, तेव्हा जप्त मालात मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलही सापडले.

वस्तूची तपासणी : पहिले साधन म्हणजे ३६५ नॅनोमीटरचा अतिनील दिवा. अंधाऱ्या खोलीत जुने शेलॅक (लाखेचे) पॉलिश नारिंगी दिसते, आधुनिक कागद व धुण्याच्या पावडरीचा अंश निळसर पांढरा चमकतो आणि नंतर मारलेला रंग भोवतालापेक्षा वेगळा उठून दिसतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोटेन्शिओमीटरवरचा, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालच्या भागावरचा, आकडा वाचावा. १३७६६२५ असा आकडा असेल तर १३७ हा निर्मात्याचा संकेत, ६६ हे वर्ष आणि २५ हा आठवडा. म्हणजे हा भाग मूळचा असेल तर गिटार १९६६ च्या मध्याआधीची असूच शकत नाही. मूळ सोल्डर सहसा मळकट आणि न हललेले असते. चकचकीत जोड दिसला की तो भाग कधी बदलला याचा कागद मागावा.

मनगटी घड्याळाच्या चमकत्या आकड्यांसाठी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम वापरत, नंतर १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ट्रिटियम. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. चमक कधीच विझली असली तरी किरणोत्सर्ग मोजणारा गायगर काउंटर टिकटिक करतोच. १९४० च्या दशकातले म्हटलेले घड्याळ अंधारात झगमगते आणि काउंटर मात्र गप्प, तर आकडे नव्याने भरलेले आहेत. असा लेप नखाने किंवा ब्रशने खरवडू नये. त्याची धूळ श्वासात जाणे खरोखर घातक आहे.

दुरुस्ती : इथे तीन पायऱ्या वेगळ्या ओळखाव्यात. वस्तू आणखी बिघडू नये म्हणून केलेले स्थिरीकरण जवळजवळ नेहमीच योग्य. घाण काढणे सावधपणे. हरवलेला भाग नव्याने बनवणे शक्यतो टाळावे, आणि केलेच तर जवळून पाहणाऱ्याला ते नवे म्हणून ओळखू यावे. वापरलेला पदार्थ परत काढता यावा. पॅरलॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य त्यासाठीच पसंत केले जाते, कारण ते ॲसिटोनमध्ये पुन्हा विरघळते.

कपड्यांचे नुकसान बहुधा धुण्याने होते. गायक कर्ट कोबेन यांचे १९९३ च्या कार्यक्रमातले स्वेटर न धुता, जळक्या भोकासह, एक बटण नसलेले, तसेच २०१९ मध्ये ३,३४,००० डॉलरना विकले गेले. ते धुतले असते तर छायाचित्रांशी जुळणाऱ्या खुणा गेल्या असत्या. धूळ काढायची तर कापडावर नायलॉनची जाळी धरून कमी ओढीच्या व्हॅक्यूमने काढावी. फाटलेल्या भागाखाली विरळ रेशमी कापड ठेवून बारीक रेशमी धाग्याने सैल टाके घालावेत. डिंक लावू नये. कागदावर चिकटपट्टी आणि लॅमिनेशन दोन्ही वर्ज्य. फाटीला जपानी कागद व गव्हाच्या स्टार्चची खळ पुरते.

अभिनेत्री ज्युडी गार्लंड यांनी १९३९ च्या चित्रपटात घातलेल्या लाल बुटांची गोष्ट इथे उद्बोधक आहे. त्यांच्या टिकल्या जिलेटिनच्या, वर सेल्युलोज नायट्रेटचा थर. पाणी लागले तर आतले जिलेटिन विरघळणार. २००५ मध्ये चोरीला गेलेला एक जोड २०१८ मध्ये सापडला, तेव्हा अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने तो स्वतःकडच्या जोडाशी ताडून पाहिला. बुटांवरच्या फितीच्या गाठीवर (बो) लाल मण्यांच्या जागी पारदर्शक काचेचे मणी लाल रंगवून बसवलेले होते. ही जुनी डागडुजी दोन्हीकडे सापडली आणि ओळख पटवायला मदत झाली. शिवाय दोन्ही जोडांतले डावे-उजवे एकमेकांत बदललेले निघाले. कुणी ‘सुधारणा’ म्हणून ते मणी बदलले असते तर हा पुरावा उरला नसता.

धातूवर पॉलिश चालवू नये. घड्याळाची केस बफिंग चाकावर एकदा गेली की कडांचा धातू जातो आणि कोरलेली अक्षरे उथळ होतात. अभिनेते मार्लन ब्रँडो यांनी स्वतः बेझेल (काचेभोवतीचे कडे) काढून मागे नाव खरडलेले घड्याळ २०१९ मध्ये बेझेलविनाच विकले गेले; तिथे नवे बेझेल बसवणे म्हणजे त्यांच्या हातचे काम पुसणे ठरले असते. गंजू पाहणाऱ्या धातूवर सूक्ष्मस्फटिकी मेणाचा पातळ हात पुरतो. भुगा होऊ लागलेल्या चामड्याला तेल पाजू नये, ते काळवंडते आणि चिकट होते.

वाहनांत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा, कारण त्यांना चालते ठेवायचे असते. चॅसीचा व इंजिनाचा क्रमांक मूळ नोंदीशी जुळतो का हे आधी पाहावे. गायिका जॅनिस जॉप्लिन यांच्या पोर्शे ३५६ गाडीवरची रंगीबेरंगी चित्रे त्यांच्या मृत्यूनंतर काढून तिला मूळ करडा रंग दिला गेला आणि १९९० च्या दशकात छायाचित्रांवरून चित्रे पुन्हा रंगवली गेली. गाडी खरी, रंग प्रतिकृती. २०१५ मध्ये १७.६ लाख डॉलरना विकल्या गेलेल्या या गाडीबद्दल दोन्ही गोष्टी सांगितल्या तरच वर्णन प्रामाणिक होते.

काम सुरू होण्याआधी, मधे आणि नंतर मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. वापरलेल्या पदार्थांची नावे व तारखा लिहाव्यात. काढलेला प्रत्येक स्क्रू, तार, धागा आणि अस्तराचा तुकडा नाव लिहिलेल्या आम्लरहित पाकिटात घालून वस्तूबरोबरच ठेवावा, कारण पुढचा तपासणारा त्यावरूनच काम सुरू करतो. कापड आणि कागदासाठी प्रकाश ५० लक्सच्या आत, सापेक्ष आर्द्रता ४५ ते ५५ टक्के आणि ती दिवसभरात शक्य तितकी स्थिर ठेवावी.