जुन्या जावाचा दिवा मंद का पडतो?

वडिलांची १९६८ची जावा मोटरसायकल घेऊन मी एकदा वरंधा घाटात रात्रीचा सापडलो. हेडलाईट चालू होता, पण पुढे पडत होता तो नुसता पिवळट डाग. वळणावर गाडी हळू केली की तोही तांबूस व्हायचा. घरी आल्यावर जास्त वॅटचा बल्ब आणून बसवला. उजेड काही वाढला नाही, आठवड्याभरात बॅटरी मात्र बसली.

बसणारच होती. या गाडीची सगळी वीज ६ व्होल्टची आणि डायनॅमो जेमतेम ४५ वॅटचा. हेडलाईटच ३५ वॅट खातो. मागचा लाल दिवा आणि इग्निशन कॉइल धरली की मिळकत संपली. त्यावर मोठा बल्ब लावला की तूट बॅटरीतून भरली जाते, आणि ती किती दिवस भरणार?

पण मिळणारी वीज तरी बल्बपर्यंत पोचते का? खरी गोम इथे आहे. ३५ वॅटच्या बल्बला ६ व्होल्टवर जवळपास ६ अँपिअर करंट लागतो, १२ व्होल्टवर त्याच्या निम्मा. पन्नास वर्षांची वायर, काळवंडलेला स्विच, सैल होल्डर हे सगळं मिळून समजा ०.१ ओहम रोध झाला. एवढ्यातच ६ व्होल्टच्या गाडीत अर्धा व्होल्ट वाटेत खर्ची पडतो. अर्धा व्होल्ट किरकोळ वाटतो खरा, पण तापलेल्या तारेचा उजेड व्होल्टेजच्या सुमारे ३.४व्या घातानुसार बदलतो. त्यामुळे व्होल्टेज ९ टक्के घसरलं की उजेड २५ टक्क्यांहून जास्त घटतो. गाडी १२ व्होल्टची असती, तर तेवढ्याच रोधापायी ८ टक्केच उजेड गेला असता. जुन्या गाड्या १२ व्होल्टवर नेतात त्यामागे हे मोठं कारण आहे.

मी दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं बल्बच्या होल्डरला लावलं. आकडा आला ०.९ व्होल्ट. म्हणजे ४० टक्क्यांच्या वर उजेड वायरिंगमध्येच मुरत होता! स्विचचे पॉइंट पॉलिश पेपरने घासले, होल्डर बदलला आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाड वायर टाकून मध्ये ६ व्होल्टचा रिले, म्हणजे छोट्या करंटने चालणारा स्विच, बसवला. आता मोठा करंट रिलेतून जातो, हँडलवरच्या जुन्या स्विचला फक्त रिले ओढण्यापुरता नाममात्र करंट सोसावा लागतो. पुन्हा मोजलं तर आकडा ०.२.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. कित्येक जुन्या गाड्यांत दिव्याचा परतीचा करंट हँडलखालच्या बेअरिंगमधून, म्हणजे ग्रीसने माखलेल्या गोळ्यांमधून चेसीला पोचतो. हँडल वळवलं की दिवा लुकलुकत असेल, तर आधी इथे संशय घ्या. दिव्यापासून थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत एक वेगळी वायर ओढली की हा त्रास मिटतो.

यानंतरच नव्या बल्बचा विचार करावा. एच४ हॅलोजन ६०/५५ वॅटचा असतो, तेव्हा डायनॅमोच्या जागी १२ व्होल्टचा आणि तेवढी वीज देणारा अल्टरनेटर हवाच. एलईडी कमी वीज खातो, म्हणून मोह होतो. मलाही झाला. पण रिफ्लेक्टरची वाटी एका ठरावीक बिंदूवरच्या प्रकाशासाठी घडवलेली असते. बल्बमधली अप्परची तार त्या बिंदूवर असते आणि डिपरची किंचित सरकवलेली, म्हणून डिपरचा झोत खाली झुकतो. एलईडीच्या चकत्या एक-दोन मिलिमीटर जरी इकडेतिकडे बसल्या, तरी प्रकाश फाकतो आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात.

मी एलईडी लावून गाडी रात्री भिंतीसमोर उभी केली. डिपरवर भिंत वरपर्यंत पांढरीफटक उजळली, शेजारच्यांच्या गॅलरीपर्यंत. जुना ३५ वॅटचा बल्ब परत बसवला. भिंतीवर खाली, नीट आवळलेला, चांगला झगझगीत झोत पडला. बल्ब तोच होता, घाटात तांबूस पडलेला.