पहिला कवितासंग्रह, मुळं आणि शीर्षकाचा वाद: पार्श्वभूमी

स्थलांतरित घरातल्या कवीचा पहिला संग्रह म्हटलं की आजी-आजोबा, बोटीचा प्रवास, जुना फोटो असणारच, असं आता वाचक धरूनच चालतात. ही सवय कशी लागली ते बघायचं तर अमेरिकेतलं १९८०चं दशक बघावं लागतं.

तिथल्या एका विद्यापीठ प्रकाशनाची पहिल्या संग्रहासाठीची स्पर्धा १९१९ पासून चालू आहे, नवख्या कवींना तिचं भारी आकर्षण. १९८२ मध्ये ती हवाईच्या कॅथी साँग या कवयित्रीने जिंकली, वडील कोरियन वंशाचे, आई चिनी वंशाची, आणि आशियाई वंशाच्या कवीला हा मान पहिल्यांदाच मिळत होता. हस्तलिखिताचं नाव तिने न्यू मेक्सिकोतल्या पांढऱ्या कड्यांच्या एका चित्रावरून ठेवलेलं, पुस्तकाचे पाचही भाग त्याच चित्रकर्तीच्या फुलांच्या चित्रांवरून. म्हणजे रचना सगळी चित्रकलेवर उभी. पण १९८३ मध्ये पुस्तक आलं ते प्रकाशकाने बदललेल्या नावाने, फोटोवरून लग्न ठरून कोरियातून हवाईला आलेल्या आजीवरची जी कविता आहे तिचं नाव, ‘पिक्चर ब्राइड’, थेट कव्हरवर.

यावर अभ्यासक अजून भांडतात. नव्या नावामुळे पुस्तक वर्गांत, अभ्यासक्रमांत पोचलं हे खरंच, पण माझ्या मते किंमत जास्त मोजली, कारण एका कवितेतली आजी अख्ख्या पुस्तकाची ओळख झाली आणि चित्रांबद्दल, आईपणाबद्दल, बहिणींबद्दल जे लिहिलंय ते मागे पडलं. कवीने काय बघितलं यापेक्षा कवी कुठल्या घरातली हे आधी विचारलं गेलं!

मागचा इतिहास तसा थोडक्यात सांगता येतो. १९०३ पासून कोरियन मजूर हवाईच्या उसाच्या मळ्यांवर आले, बहुतेक एकटे पुरुष, मग १९१० नंतर फोटोंची देवाणघेवाण होऊन बायका आल्या, १९२४च्या अमेरिकी स्थलांतर कायद्याने तेही बंद झालं. दार परत नीट उघडलं ते १९६५ मध्ये.

१९६५ नंतर आलेल्यांची मुलं लिहायला लागली तेव्हा साचा तयारच होता. काहींनी तो मोडलाही, सरकारी फॉर्म, चौकशीचे प्रश्न, जहाजांच्या याद्या थेट कवितेत आणल्या, घरच्या भाषेतल्या ओळी भाषांतर न देता तशाच ठेवल्या, आणि आजी कधीकधी मुद्दाम गाळली. मलपृष्ठावरचा मजकूर मात्र अजूनही बऱ्याचदा मुळांपासूनच सुरू होतो, आत कविता कशावरही असोत.