हुमणीचा भुंगेरा आणि त्याखालची चिठ्ठी

वळवाचा पहिला दमदार पाऊस होऊन गेला की बेळगाव भागातल्या ऊसपट्ट्यात तिन्हीसांजेला जमिनीतून तपकिरी भुंगेरे वर येतात आणि कडुनिंबावर, बाभळीवर घोंगावू लागतात. हे हुमणीचे भुंगेरे. त्यांच्या अळ्या उसाची मुळं कुरतडतात, म्हणून शेतकरी रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडतात आणि रॉकेल घातलेल्या पाण्यात टाकतात. कीटकसंग्रह सुरू करणाऱ्या मुलांना मी आधी हाच किडा देतो. अंगानं टणक, बोटाच्या पेराएवढा, आणि दोन-चार उचलले म्हणून कुणाचं काही बिघडत नाही. फुलपाखरानं सुरुवात करू नये. काही जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. खानापूर तालुक्यातल्या भीमगड अभयारण्यातून तर परवानगीशिवाय काहीच उचलायचं नाही.

डबीत घालून दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवला की भुंगेरा मरतो. दिव्याखाली आधीच मरून वाळलेला सापडला, तर हात लावताच पाय तुटतात. अशा वेळी झाकणाच्या डब्यात ओली वाळू पसरा, बुरशी धरू नये म्हणून डेटॉलचे दोन थेंब टाका आणि वर कागदावर भुंगेरा ठेवा. एक-दोन दिवसांत सांधे मऊ होतात.

आता सुई. ती उजव्या कवचपंखातून, म्हणजे पाठीवरच्या टणक पंखातून, खांद्याच्या थोडं मागे टोचायची; खाली ती मधल्या आणि मागच्या पायांच्या मधून निघायला हवी. मधोमध टोचली तर ओळख पटवणाऱ्या खुणाच फुटतात. उजवीकडे टोचली की डावी बाजू अखंड राहते. फुलपाखराला मात्र छातीच्या बरोबर मध्यावर टोचतात. सुईचा साधारण एक सेंटीमीटर भाग वर मोकळा ठेवा, बोटांत धरायला. मग फोमवर टाचण्यांचा आधार देऊन पाय पसरा: पुढचे पुढे, बाकीचे मागे. मिशीच्या टोकाला पातळ पात्यांचा झुपका असतो. सांधे मऊ असतानाच तो सुईच्या टोकानं उघडला तर पंख्यासारखा पसरतो, आणि ते पाहण्यासारखं असतं.

माझे पहिले भुंगेरे मी शिवणाच्या टाचण्यांवर लावले होते. दोन पावसाळ्यांत टाचण्या गंजल्या, भुंगेरे फुटले. कीटकांसाठीच्या 38 मिलिमीटर लांबीच्या स्टेनलेस स्टीलच्या सुया मिळतात, त्याच घ्या. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत पेटी घट्ट बसणाऱ्या झाकणाची हवी, आत सिलिका जेलची पुडी हवी. मुंग्या आणि बारीक किडे वाळलेला भुंगेरा आतून पोखरून भुगा करतात. त्यावर डांबरगोळी चालते, पण ती थर्माकोल खाऊन टाकते, म्हणून तळाला पॅकिंगचा दाट फोम घाला.

एवढं सगळं केलं आणि चिठ्ठी लावली नाही, तर हातात उरतो नुसता शोभेचा किडा. सजीवांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणारा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियस 1778 मध्ये वारला. त्याच्या संग्रहातले सुईवरचे कीटक लंडनमध्ये आजही अभ्यासाला आहेत. आपला भुंगेराही आपल्यामागे टिकेल, तेव्हा तो कुठला आणि कधीचा, हे सांगायला आपण नसू. आपल्या सीमाभागात तर ही अडचण मोठी: एकाच गावाचं नाव मराठीत एक, कन्नडमध्ये दुसरं, 2014 मध्ये शहराचं अधिकृत नावही बेळगावचं बेळगावी झालं. म्हणून गावाच्या नावासोबत मोबाईलवर दिसणारे अक्षांश-रेखांशही लिहा. तारीख, झाड किंवा दिवा, पकडणाऱ्याचं नाव, सगळं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, आणि ती चिठ्ठी त्याच सुईत भुंगेऱ्याखाली ओवा. पहिला पाऊस कधी झाला तेही जमलं तर टिपा. दहा वर्षांच्या चिठ्ठ्या एका ओळीत लावल्या की हुमणी कोणत्या साली किती लवकर वर आली, ते पेटी उघडताच दिसेल.