खूण लिहून पाहा

कर्णबधिरांच्या अमेरिकी सांकेतिक भाषेत ‘आई’ म्हणायचं तर पाचही बोटं पसरायची आणि अंगठा हनुवटीला टेकवायचा. तोच हात तसाच कपाळाशी नेला की ‘बाबा’. ऐकू येणारी मोठी माणसं ही भाषा शिकायला बसली की वहीत लिहितात, ‘आई – अंगठा हनुवटीला’. पुढच्या आठवड्यात वही उघडावी तर बोटं पसरलेली होती की मिटलेली, तळवा कुणीकडे होता, याचा त्यात पत्ताच नसतो. शब्द वहीत राहतो आणि खूण निसटते.

खूण म्हणजे हवेत काढलेलं एक चित्र, असं ऐकू येणाऱ्याला वाटतं. गफलत तिथेच होते. वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या महाविद्यालयातले प्राध्यापक विल्यम स्टोकी यांनी 1960 साली दाखवून दिलं की प्रत्येक खूण सुट्या घटकांची बनलेली असते: हाताचा आकार, जागा आणि हालचाल. तळव्याची दिशा आणि चेहऱ्यावरचे भाव यांची भर नंतर पडली. एक घटक बदलला की शब्दच बदलतो. वाकवलेली तर्जनी कपाळावरून आडवी ओढली तर उन्हाळा, नाकापाशी ओढली तर कुरूप, हनुवटीवरून ओढली तर कोरडं. पाहुण्यांसमोर यातल्या दोन खुणांची अदलाबदल न केलेली बरी!

नवशिक्या जागा सहसा बरोबर पकडतो. चुकतो तो हाताच्या आकारात आणि हालचालीत. त्यातही वस्तूसारखी दिसणारी खूण असेल तर अर्थ चटकन लक्षात राहतो, पण करताना ती ढिली होते. ‘कळलं’ म्हटल्यावर बारकावे कोण बघतो?

आठवणीचाही एक पेच आहे. फोन नंबर लक्षात ठेवायचा तर आपण तो मनातल्या मनात घोकतो. 1997 साली मार्गारेट विल्सन आणि कॅरन एमोरी या संशोधकांनी दाखवलं की सांकेतिक भाषा नेहमी वापरणारी कर्णबधिर माणसंही घोकतात, फक्त मनातल्या हातांनी. त्यांचे हात दुसऱ्या कामात गुंतवले की खुणांची यादी आठवणं जड जातं. नवशिक्याकडे हा मनातला हात अजून तयार झालेला नसतो. खूण दिसते आणि विरते, घोकायला हाताशी काही उरत नाही.

इथे खुणा कागदावर उतरवणारी लिपी कामाला येते. ‘साइनरायटिंग’ ही अशीच एक लिपी. व्हॅलरी सटन ही अमेरिकी तरुणी डेन्मार्कमध्ये बॅले शिकत असताना नृत्याच्या हालचाली कागदावर उतरवत असे. ते पाहून कोपनहेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी तिला खुणाही लिहून द्यायला सांगितलं, आणि 1974 साली ही लिपी जन्मली. डोकं म्हणजे वर्तुळ. तळवा आपल्याला दिसत असेल तर हात पांढरा, हाताची मागची बाजू दिसत असेल तर काळा, कड दिसत असेल तर अर्धा-अर्धा. स्पर्शाला तारांकन, हालचालीला बाण. बाणाचं टोक काळं असेल तर हात उजवा, पांढरं असेल तर डावा. 2015 पासून ही चिन्हं युनिकोड या संगणकावरच्या अक्षरांच्या प्रमाणकातही आहेत.

मला यातली सर्वांत हुशारीची गोष्ट वाटते ती दृष्टिकोनाची. व्हिडिओत समोरच्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो, म्हणून नवशिक्याला प्रत्येक खूण मनातल्या मनात उलटी फिरवून घ्यावी लागते. साइनरायटिंग मात्र खूण करणाऱ्याच्या नजरेतून लिहितात. कागदावरचा उजवा हात म्हणजे आपलाच उजवा हात.

पण खरा फायदा वाचण्यापेक्षा लिहिण्यात आहे. व्हिडिओ दहा वेळा पाहिला तरी हात काळा की पांढरा, हे कुणी विचारत नाही. पेन उचललं की ते ठरवावंच लागतं. ठरवता आलं नाही तर आपण नीट पाहिलंच नव्हतं, हे तिथल्या तिथे कळतं. शिवाय नुसत्या वाचलेल्या गोष्टीपेक्षा स्वतः घडवलेली गोष्ट जास्त लक्षात राहते, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी 1978 मध्ये शब्दांच्या जोड्यांवर दाखवलं होतं. तोच नियम खुणांनाही लागू पडावा, असं मला वाटतं.

लिपीनं भाषा येत नाही, हेही खरं. पलुसकर-भातखंड्यांची स्वरलिपी पाठ करून कुणी गवई होत नाही. ती गुरूसमोर बसणाऱ्याच्या उपयोगाची. इथे गुरू म्हणजे कर्णबधिर शिक्षक. बहुतेक कर्णबधिर माणसांचा आपसातला व्यवहार हातांनी आणि व्हिडिओ कॉलवर चालतो, लिपीवाचून त्यांचं अडत नाही. अडतं ते आपलं.

भारतीय सांकेतिक भाषा शिकायची असेल तर दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचा 10,000 शब्दांचा व्हिडिओ कोश आहे. त्यातली एक खूण पाहावी, व्हिडिओ बंद करावा आणि आठवून लिहावी. सगळी चिन्हं येत नसली तरी आकार, जागा, तळवा, हालचाल आणि चेहरा एवढं नोंदवावं. दुसऱ्या दिवशी फक्त कागदावरून ती खूण करून पाहावी आणि मगच व्हिडिओ लावावा. फरक निघाला तर तो नेमका कुठल्या घटकात आहे, ते लगेच सापडतं आणि तेवढंच सुधारता येतं.