नगरदृश्यचित्रण, व्हेनिसमधील

अठराव्या शतकात इटलीत, विशेषतः व्हेनिसमध्ये, भरभराटीस आलेला चित्रप्रकार. इटालियन संज्ञा ‘वेदूता’. ओळखू येणाऱ्या शहरातील चौक, कालवे, चर्च व प्रासाद हे त्याचे विषय. काळाच्या हिशेबाने तो रोकोको (अठराव्या शतकातील नाजूक, अलंकरणप्रधान शैली) कलेत मोडतो. मात्र चित्रकार फ्रांचेस्को ग्वार्दीच्या (१७१२–९३) तुटक, लखलखत्या फटकाऱ्यांना रोकोको ही संज्ञा जितकी शोभते, तितकी या प्रकारातील अग्रणी कानालेत्तोच्या रेखीव मांडणीला शोभत नाही.

या प्रकाराच्या उगमाविषयी मतभेद आहेत. सु. १६७५ मध्ये रोमला येऊन स्थायिक झालेला डच चित्रकार गास्पार व्हान व्हिटेल याच्याकडे काही अभ्यासक जनकत्व देतात. व्हेनिसचे त्याने रंगवलेले १६९७ सालचे दृश्य माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. इतर अभ्यासक रंगभूमीच्या नेपथ्यपरंपरेवर भर देतात. कानालेत्तोचे वडील बेर्नार्दो कानाल हे नेपथ्यचित्रकारच होते आणि मुलाची उमेदवारीही त्यांच्याच हाताखाली झाली. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी खुद्द व्हेनिसमध्ये या प्रकाराला स्थिर रूप दिले ते लूका कार्लेव्हारीसने (१६६३–१७३०). त्याचा शंभराहून अधिक अम्लरेखनांचा (धातूच्या पत्र्यावर आम्लाने कोरून छापलेल्या चित्रांचा) संग्रह १७०३ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढच्या चित्रकारांना तो दृश्यांचा साठा म्हणून उपयोगी पडला.

जोव्हान्नी आंतोन्यो कानाल ऊर्फ कानालेत्तो (१६९७–१७६८) हा या प्रकारातील सर्वश्रेष्ठ चित्रकार. लंडनच्या नॅशनल गॅलरीतील त्याच्या ‘पाथरवटांचे आवार’ (सु. १७२५) या चित्रात ना उत्सव आहे, ना राजदूतांची मिरवणूक. दगड घडवणारे कारागीर, वाळत घातलेले कपडे, पडलेल्या मुलाकडे धावणारी आई आणि कालव्यापलीकडे कारिताचे चर्च, एवढाच ऐवज. तरीही त्याच्या साऱ्या कामात हे चित्र अग्रभागी ठेवावे लागते. पुढे यूरोपच्या सफरीवर येणाऱ्या इंग्रज धनिकांच्या मागणीप्रमाणे त्याचा रंग उजळ व हात सराईत होत गेला. जोसेफ स्मिथ हा त्याचा मुख्य आश्रयदाता व मध्यस्थ. स्मिथचा संग्रह १७६२ मध्ये इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याने विकत घेतला. ऑस्ट्रियन वारसायुद्धामुळे प्रवासी घटल्यावर कानालेत्तो १७४६ मध्ये इंग्लंडला गेला व मधला अल्प काळ वगळता सुमारे दशकभर तिथे राहिला.

सर्वाधिक वाद झाला आहे तो कॅमेरा ऑब्स्क्यूराबद्दल. बंद पेटीतील भिंगातून आत पडणारी प्रतिमा कागदावर गिरवण्याचे हे साधन. चित्रकार ते वापरतात असे आल्गारोत्ती या लेखकाने १७६४ मध्ये नोंदवले, तर कलालेखक झानेत्तीने १७७१ मध्ये त्याच्या योग्य वापराचे श्रेय कानालेत्तोला दिले. व्हेनिसच्या कोर्रेर संग्रहालयात ‘आ. कानाल’ असे नाव असलेली पेटीही आहे. पण तेवढ्याने ती त्याचीच होती असे सिद्ध होत नाही. व्हेनिसच्या आक्कादेमिया या कलासंग्रहालयातील त्याच्या रेखनवहीत लागोपाठच्या पानांवर जोडून काढलेल्या इमारतींच्या रांगा व रंगांच्या टिपा आढळतात, आणि त्या पेटीच्या साहाय्याने काढल्या असे पुष्कळांचे मत आहे. याउलट, ब्रिटिश राजसंग्रहातील रेखनांच्या अवरक्त (इन्फ्रारेड) तपासणीत शाईखाली पेन्सिल व पट्टीने आखलेली तयारी दिसून आली. कमानींसाठी तर तो कंपास वापरीत असे. शिवाय अनेक चित्रांत दोन-तीन जागांवरून दिसणारी दृश्ये एकत्र आणली आहेत, चौक प्रत्यक्षाहून ऐसपैस केले आहेत. अशी रचना पेटीत आयती मिळणारी नव्हे. साधन टिपणापुरते व रचना बुद्धीची, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

बारकाव्यांत मात्र तो विश्वासार्ह आहे. त्याच्या व त्याचा भाचा बेल्लोत्तो याच्या चित्रांत भिंतींवर शेवाळाचा हिरवट पट्टा जिथवर चढलेला दिसतो, त्याची आजच्या पट्ट्याशी तुलना करून व्हेनिसमधील पाण्याची सापेक्ष (जमिनीच्या तुलनेतील) पातळी सु. ६० सेंमी. वाढल्याचे कामुफ्फो या शास्त्रज्ञाने दाखवले.

या बेर्नार्दो बेल्लोत्तोने १७४७ पासून ड्रेझ्डेनमध्ये व पुढे मृत्यूपर्यंत (१७८०) वॉर्सामध्ये काम केले. दुसऱ्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या वॉर्साच्या पुनर्बांधणीत त्याच्या चित्रांचा आधार घेण्यात आला. मात्र काही इमारती त्याने मूळ रूपाहून वेगळ्या रंगवल्या होत्या.

ग्वार्दीची कीर्ती मुख्यतः त्याच्या मृत्यूनंतरची आहे. काल्पनिक अवशेष व खऱ्या वास्तू यांचे मिश्रण असलेला ‘काप्रीच्चो’ हा उपप्रकार त्याने व अल्पायुषी मिकेले मारिएस्कीने (१७१०–४३) हाताळला. रोममध्ये पानीनीने रंगात व पीरानेसीने अम्लरेखनात, तर नेपल्समध्ये आंतोन्यो योलीने अशीच नगरदृश्ये साकारली.