जॅमर विमानं : १९९८चा निर्णय आणि लोहगावचे सुखोई

लोहगावहून सुखोईंची जोडी उठली की धानोरी-विमाननगरात फोनवरचं बोलणं अर्धवट राहतं, हे पुणेकरांना सांगायला नको. याच सुखोईच्या पंखांच्या टोकांना कधीकधी क्षेपणास्त्राच्या जागी एक लांबट नळकांडं असतं. तो जॅमर पॉड, म्हणजे शत्रूच्या रडारवर लहरींचा गोंगाट करून त्याला गोंधळवणारं यंत्र. जॅमर लढाऊ विमानालाच असा लटकवायचा की त्या कामासाठी वेगळं विमान पाळायचं, हा वाद जुना आहे.

रडारला फसवण्याचं मूळ दुसऱ्या महायुद्धात. जुलै १९४३मध्ये हँबुर्गवर गेलेल्या ब्रिटिश बाँबर्सनी ॲल्युमिनियम लावलेल्या कागदी पट्ट्यांची पुडकी वाटेत सोडली. पट्टी साधारण २७ सेंटीमीटरची, म्हणजे जर्मन रडारच्या तरंगलांबीच्या निम्मी. रडारचे पडदे खोट्या ठिपक्यांनी भरले आणि ७९१ विमानांपैकी फक्त १२ पडली. (हेच चॅफ. त्याची नवी काडतुसं २०२१मध्ये आपल्याकडे जोधपूरच्या आणि पुण्यातल्या संरक्षण प्रयोगशाळांनी मिळून तयार केली.)

वेगळ्या जॅमर विमानाची खरी गरज व्हिएतनाममध्ये पटली. १९६५पासून तिथे जमिनीवरून सुटणारी क्षेपणास्त्रं अमेरिकी विमानं पाडू लागली. आधी जुन्या बाँबर्समध्ये जॅमर भरून काम भागवलं, मग १९७१मध्ये 'प्राउलर' आलं. मुळात दोघांचं हल्ला विमान, ते लांबवून चौघांचं केलं: एक वैमानिक आणि तिघं जॅमर चालवणारे. पॉडला वीज मिळावी म्हणून प्रत्येकाच्या नाकावर वाऱ्याने फिरणारा छोटा पंखा. स्वतःच्याच लहरींचा त्रास आतल्यांना होऊ नये म्हणून काचेवर सोन्याचा पातळ थर.

माणसं इतकी का लागतात? विसर्जन मिरवणुकीत ढोल-ताशा पथकाशेजारी उभ्या माणसाचं बोलणं कानाशी तोंड आणल्याशिवाय ऐकू येत नाही. जॅमिंगचं तसंच आहे. विमान रडारच्या फार जवळ गेलं की गोंगाटातूनही त्याचा प्रतिध्वनी उमटतो. कोणतं रडार, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबायचं हे सतत ठरवावं लागतं. आपलं विमान उडवता उडवता एकट्याने करायचं हे काम नव्हे.

आता १९९८. अमेरिकी हवाईदलाकडे 'रेव्हन' नावाची ४२ जॅमर विमानं होती, एफ-१११ बाँबरमध्ये फेरफार करून बनवलेली. शस्त्र एकही नाही. तरी १९९१च्या आखाती युद्धात पहिल्याच रात्री पाठलाग करणारं इराकी मिराज एका रेव्हनच्या मागे खाली खाली येत जमिनीवर आदळलं. अशी विमानं मे १९९८मध्ये निवृत्त केली गेली. एफ-१११चं अख्खं कुटुंबच निघालं होतं, सांभाळायला महाग होतं, आणि नौदलाकडे प्राउलर होतेच. शिवाय नवी स्टेल्थ विमानं रडारला दिसणारच नाहीत, मग जॅमर हवेत कशाला? कागदावर बिनतोड हिशेब.

वर्ष व्हायच्या आत, २७ मार्च १९९९ला, सर्बियावर अमेरिकेचं एक स्टेल्थ विमान पडलं, तेही साठच्या दशकातल्या क्षेपणास्त्राने. लांब तरंगलांबीच्या जुन्या रडारपुढे स्टेल्थचा आकार तितकासा चालत नाही. रोजचे ठरलेले मार्गही नडले, दोष एकट्या जॅमरच्या टंचाईचा नव्हता. पण सगळ्या मोहिमांचा भार मोजक्या प्राउलरवर पडला आणि हवाईदलाची माणसं नौदलाच्या विमानांत बसून उडू लागली. रेव्हन निवृत्त करण्याचा निर्णय हिशेबनिसांचा होता, लढणाऱ्यांचा नव्हता, असं माझं मत.

पुढे प्राउलरची जागा 'ग्राउलर'ने घेतली. त्यात चौघांचे दोघं झाले, बाकीचं काम संगणकाकडे गेलं. इलेक्ट्रॉनिक्सला जागा हवी म्हणून नाकातली तोफ काढली आणि पंखांच्या टोकांची क्षेपणास्त्रंही गेली.

आपल्याकडे आज ग्राउलरच्या तोडीचं वेगळं विमान नाही, पॉडवर भिस्त आहे. सुखोई-३० पुण्यात १९९७मध्ये आलं, त्याची भारतासाठी बनवलेली एमकेआय आवृत्ती २००२मध्ये. पंखांच्या टोकांना पॉड लावले की जवळच्या लढाईची दोन क्षेपणास्त्रं कमी होतात, पण निदान मागे दुसरा माणूस असतो. तेजस मार्क-१एचा जॅमरही पॉडमध्येच आहे, तो मुख्यतः स्वतःला वाचवण्यापुरता, आणि हवाईदलाने मागवलेल्या बहुतेक तेजसना मागची सीट नाही.