एकाच नावाची दोन ध्वनिमुद्रणे : पडद्यावरचे आणि तबकडीवरचे

जुन्या चित्रपटाची एखादी धून वर्षानुवर्षे मनात घर करून असते, आणि बऱ्याच काळाने तो चित्रपट पुन्हा पाहायला बसावे तर नेमकी तीच धून कुठे येत नाही, किंवा येते ती निराळ्या लयीत, अर्धवट, संवादांखाली दबलेली. आपली स्मृती दगा देते आहे असे वाटू लागते. बहुतेक वेळा स्मृती अगदी खरी असते. फक्त ती चित्रपटाची नसून तबकडीची असते. चित्रपटात वाजणारे संगीत आणि त्याच नावाने, वेष्टनावर त्याच पोस्टरचे चित्र छापून विकली गेलेली ध्वनिमुद्रिका या दोहोंना आपण सर्रास साउंडट्रॅक म्हणतो, पण पुष्कळदा ती वेगवेगळ्या दिवशी आणि वेगवेगळ्या हेतूने केलेली दोन स्वतंत्र ध्वनिमुद्रणे असतात.

साउंडट्रॅक हे मुळात एका वस्तूचे नाव आहे. ३५ मिलिमीटरच्या फिल्मची पट्टी उजेडासमोर धरली, तर चित्रचौकटी आणि कडेची छिद्रे यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत एक नागमोडी रेघ सलग धावताना दिसते. तिच्यातून जाणारा प्रकाश तिच्या रुंदीप्रमाणे कमीजास्त होतो आणि त्या चढउताराचाच पुढे आवाज होतो. प्रक्षेपकात हा आवाज वाचणारा भाग भिंगाच्या खाली असल्यामुळे प्रत्येक आवाज आपल्या चित्राच्या सुमारे वीस चौकटी पुढे छापलेला असतो. संवाद, पावलांचे आवाज, दाराची करकर आणि सारा वाद्यवृंद त्या एकाच रेघेत एकत्र नांदतात. शब्दशः पाहिले तर साउंडट्रॅक म्हणजे ही संपूर्ण रेघ. निव्वळ संगीताच्या तबकडीला ते नाव नंतर चिकटले.

या रेघेतले संगीत दृश्याच्या मापाने बेतलेले असते. एखादा तुकडा बावीस सेकंदांचा असतो, कारण पात्राला जिना चढायला तेवढाच वेळ लागतो. पात्र बोलू लागले की वाद्ये मागे सरतात, आणि सूर पूर्ण होण्याआधीच दृश्य बदलले तर संगीतही तिथेच थांबते. तबकडीचा हिशेब याच्या उलट आहे. तिथे ऐकणाऱ्यासमोर चित्र नसते, म्हणून धुनेला आरंभ, विस्तार आणि शेवट लागतो; छोटे तुकडे एकमेकांना जोडावे लागतात, आणि एलपीच्या एका बाजूला मावणाऱ्या साधारण वीस-पंचवीस मिनिटांत सगळे बसवावे लागते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर तर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटेच मिळत, आणि म्हणूनच जुन्या हिंदी चित्रपटांतली कितीतरी गाणी पडद्यावर एका अंतऱ्याने मोठी आहेत. ज्यांनी ती आधी रेडिओवर ऐकली, त्यांना तो जास्तीचा अंतरा चित्रपटगृहात अचानक भेटतो. त्या आनंदाला मी तरी तोड मानत नाही.

पैशाचे कारणही होतेच. अमेरिकेत चित्रपटासाठी झालेले ध्वनिमुद्रण तबकडीवर वापरायचे तर वादकांना पुन्हा मानधन द्यावे लागे, त्यामुळे तेच संगीत नव्याने वाजवून घेणे अनेकदा सोयीचे ठरे. हेन्री मॅन्सिनी यांनी तर या सोयीची कलाच केली. ‘पीटर गन’ या १९५८ च्या दूरचित्रवाणी मालिकेचे संगीत त्यांनी तबकडीसाठी पुन्हा ध्वनिमुद्रित केले, आणि वर्षातील सर्वोत्तम अल्बमचा पहिलावहिला ग्रॅमी पुरस्कार त्याच तबकडीला मिळाला. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ (१९६१) या चित्रपटात खिडकीत बसलेली ऑड्री हेपबर्न गिटार छेडत, जवळजवळ स्वतःशीच गाते. तिचा आवाज फार मोठा नाही, आणि त्या गाण्याचा सगळा जीव त्या नाजूकपणातच आहे. मात्र त्या वेळच्या तबकडीवर हे गाणे समूहस्वरांत आहे. हेपबर्नचे गायन तिच्यावर नाहीच. ज्यांना समूहगान आठवते आणि ज्यांना खिडकीतली ती एकटी मुलगी आठवते, त्या दोघांचेही बरोबर असते.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत ही तफावत सर्वांत सहज पटते, कारण मालिकेची शीर्षकधून बहुधा मिनिटभरात संपते आणि तबकडीवर तिचे पूर्ण गाणे होते. ‘मिशन : इम्पॉसिबल’साठी लालो शिफ्रिन यांनी रचलेली पाच मात्रांची धून या दोन्ही रूपांत ऐकून पाहावी.

‘सायको’चे उदाहरण मात्र सावकाश ऐकण्याजोगे आहे. १९६० च्या या चित्रपटासाठी बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्ये वापरली. प्रदर्शनाच्या वेळी त्याची तबकडी निघाली नाही. संपूर्ण संगीत हरमन यांनी १९७५ साली, म्हणजे आपल्या अखेरच्या वर्षी, नॅशनल फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून पुन्हा वाजवून घेतले. रचना तीच आहे, संचालकही तोच आहे, आणि तरीही लय चित्रपटापेक्षा स्पष्टपणे संथ आहे. पडद्यावर पावसातून मोटार हाकणाऱ्या स्त्रीच्या मागे जी तंतुवाद्ये धाप लागल्यासारखी धावतात, तीच इथे जड पावलांनी येतात. एक खरे आणि दुसरे नक्कल, असा निवाडा इथे करता येत नाही. मला स्वतःला पडद्यावरची लय प्रिय आहे, परंतु व्हायोलांचे खालचे स्वर ऐकायचे असतील तर १९७५ चेच ध्वनिमुद्रण लावावे लागते.

संगीतिकांच्या बाबतीत आणखी एक तबकडी मध्ये येते, ती रंगमंचावरच्या मूळ संचाची. ‘द साउंड ऑफ म्यूझिक’ची १९५९ ची तबकडी मेरी मार्टिन यांच्या आवाजातली आहे, तर १९६५ ची जुली अँड्र्यूज यांच्या. दोन्हींतली गाणीही सारखी नाहीत. गीतकार ऑस्कर हॅमरस्टाइन १९६० मध्ये निवर्तले, म्हणून चित्रपटासाठी वाढवलेल्या दोन गाण्यांचे शब्दही संगीतकार रिचर्ड रॉजर्स यांनीच लिहिले, आणि रंगमंचावरची तीन गाणी गळली. आवडत्या वस्तूंची यादी करणारे सुप्रसिद्ध गाणे आपल्याला वादळी रात्री नायिका मारियाच्या खोलीत मुलांसाठी गायलेले म्हणून आठवते. रंगमंचावर ते मठात, मारिया आणि मठाध्यक्षा यांच्यात होते. ‘माय फेअर लेडी’त तर चेहरा आणि आवाज यांचीच फारकत आहे : १९५६ च्या तबकडीवर अँड्र्यूज गातात, आणि १९६४ च्या चित्रपटात दिसतात हेपबर्न, पण बहुतेक गाण्यांत ऐकू येतात मार्नी निक्सन.

जुनी तबकडी हाती आली तर ती कोणत्या जातीची आहे हे वेष्टनावरच्या ठळक अक्षरांवरून ठरवू नये, कारण पुन्हा वाजवलेल्या संगीतावरही ‘चित्रपटातील संगीत’ असेच छापलेले असे. ‘जॉज’ची १९७५ ची तबकडी जॉन विल्यम्स यांनी खास तिच्यासाठीच वाजवून घेतली होती. मागच्या बारीक मजकुरात ध्वनिमुद्रणाची तारीख, वाद्यवृंदाचे नाव आणि जागा शोधावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे एखादे ओळखीचे दृश्य लावून शेजारी तबकडी लावणे. ‘स्टार वॉर्स’च्या १९७७ च्या दोन तबकड्यांच्या संचात लंडन सिम्फनी वाद्यवृंदाचे चित्रपटासाठीचेच वादन आहे, पण तुकड्यांचा क्रम विल्यम्स यांनी कथेऐवजी श्रवणाच्या सोयीने लावला आहे. तो संच पुष्कळ ऐकलेल्या माणसाच्या मनात एक तुकडा संपता संपताच पुढचा सुरू होतो, आणि चित्रपटगृहात मात्र त्या जागी दुसरेच काही वाजते.

याच विल्यम्स यांच्या बाबतीत एकदा हा व्यवहार उलटाही झाला. ‘ई. टी.’ (१९८२) च्या शेवटच्या प्रदीर्घ प्रसंगाचे संगीत चित्राच्या सेकंदांशी काही केल्या मनासारखे जुळेना, तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी पडद्यावरचे चित्र बंद करवले आणि मैफलीत वाजवावे तसे मोकळेपणाने वाजवायला सांगितले. नंतर त्या वादनाला जुळेल अशी दृश्ये कापली गेली. त्या पंधरा-एक मिनिटांत पडद्यावर जे दिसते, तेच संगीताच्या मापाने बेतलेले आहे.